लक्षात राहणारी रेघ

संगणकावर दोन वेगळ्या प्रोग्राममध्ये एकेक तिरपी रेघ काढून बघा. एक रंगकामाच्या प्रोग्राममध्ये, म्हणजे फोटोशॉप, गिंप, क्रिता यांपैकी कशातही, ब्रशनं. दुसरी इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ किंवा इंकस्केपमध्ये. जाडी तीच, रंग तोच. पडद्यावर शेजारी ठेवल्या तर डोळ्याला फरक कळणार नाही. आता दोन्ही फाइली सेव्ह करून बंद करा, दुसऱ्या दिवशी उघडा आणि रेघेचं एक टोक जरा वर न्यायला जा. दुसऱ्या प्रोग्राममध्ये टोक हाती लागतं, ओढता येतं, रेघ निमूट त्याच्यामागे येते. पहिल्यात पकडायला टोकच नसतं. तिथे रेघ उरलेली नाही. काही ठिपके काळे झालेले आहेत एवढंच, आणि त्यांतला कुठला ठिपका रेघेचा आणि कुठला मागच्या सावलीचा, हे त्या फाइलला ठाऊक नाही.

ग्राफिक्स सॉफ्टवेअरची ओळख कुणाला करून द्यायची असली की मी या दोन रेघांपासून सुरुवात करते. बहुतेक ठिकाणी ती टूलबॉक्सपासून होते. हा ब्रश, हे खोडरबर, हे निवडीचं टूल. शिकणाऱ्याला थोड्या दिवसांत सगळी बटणं पाठ होतात, पण आपण जे काढतोय ते आत कोणत्या रूपात साठतंय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि मग वर्षभर काम केल्यावरही तो अंदाजानं चाचपडत राहतो. मला वाटतं, ही सगळी सॉफ्टवेअर एकाच प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत. चित्र जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं? शेवटी जे दिसलं ते, की ते कसं घडलं ते?

ठिपक्यांची बाजू आधी घेऊ. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन करून ‘सीॲक’ नावाच्या संगणकात उतरवला. स्कॅन होऊन संगणकात शिरलेलं हे पहिलं छायाचित्र मानतात. १७६ ठिपके आडवे, १७६ उभे, एकूण ३०,९७६. ठिपके चौकोनी, कारण तेव्हा तेच सोयीचं होतं. त्या सोयीचा दाणेदारपणा मात्र कर्श यांना शेवटपर्यंत खुपत राहिला. वयाची ऐंशी वर्षं ओलांडल्यावर ते वेगवेगळ्या आकारांचे ठिपके वापरून चित्र नितळ कसं करता येईल यावर काम करत होते. स्वतःच घालून दिलेल्या पायंड्याकडे इतक्या वर्षांनी पुन्हा वळणारी माणसं मला फार आवडतात.

आज पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, साधारणपणे तीन आकडे असतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५. तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ रंग होतात. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर ए-फोर आकाराचं पान २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके आणि सुमारे २.६ कोटी बाइट. लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट. आणि छोटं चित्र ताणून मोठं केलं तर नवे ठिपके आणायचे कुठून? सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधतं. म्हणून ताणलेला फोटो धुरकट दिसतो.

फोटोशॉपसारख्या प्रोग्राममध्ये जे जे घडतं ते या आकड्यांवरचं गणित आहे, आणि त्यातलं बरंचसं शाळकरी पातळीचं आहे. चित्र उजळ करायचं म्हणजे आकडे वाढवायचे. धूसर करायचं म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या जागी त्याची आणि शेजाऱ्यांची सरासरी ठेवायची. धारदार करायची रीत तर मला अजूनही सुंदर वाटते. आधी चित्राची एक धूसर प्रत करायची, ती मूळ चित्रातून वजा करायची. मग हाती उरतात फक्त कडा. त्या कडा मूळ चित्रात पुन्हा मिळवायच्या. ही युक्ती संगणकाच्या आधीची आहे, फोटोच्या डार्करूममध्ये फिल्मची धूसर प्रत मूळ फिल्मवर ठेवून ती करत असत. म्हणून आजही त्या फिल्टरचं नाव ‘अनशार्प मास्क’ आहे, आणि नाव ऐकून नवशिके त्यापासून लांब पळतात.

फोटोशॉपचा जन्मही अशाच गरजेतून झाला. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोल यांना मॅकिंटॉशच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी छटा दाखवायच्या होत्या, म्हणून त्यांनी १९८७ च्या सुमारास एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यांचे भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्टच्या कामात होते. त्यांना त्यात पुढची शक्यता दिसली. १९९० मध्ये ॲडोबी या कंपनीनं तो बाजारात आणला.

छायाचित्रासाठी ठिपकेच योग्य, हे इथे मोकळेपणानं म्हणायला हवं. चेहऱ्याच्या कातडीला, ढगाला, पाण्यावरच्या चकाकीला रेघ नसतेच. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश पडला, तो मोजला, आकडे आले. त्यामागे कुणी काढलेली कृती नाही, तेव्हा जपायचंही काही नाही. हातानं रंगवणाऱ्याचंही तसंच. क्रितासारख्या प्रोग्राममध्ये पेनच्या दाबानुसार ब्रश जाड-बारीक होतो, रंग एकमेकांत मिसळतात. तिथे चित्रकाराला प्रत्येक फटकाऱ्याची नोंद नको असते, रंग हवा असतो. अडचण होते ती जे ठिपक्यांचं नाही ते ठिपक्यांत कोंबल्यावर. बोधचिन्ह, नकाशा, तक्ता, अक्षर. आज एका कोपऱ्यात बोटाएवढं दिसणारं चिन्ह उद्या इमारतीवर लागू शकतं. ते ठिपक्यांत करणं म्हणजे त्याची वाढ आधीच खुंटवणं.

दुसऱ्या बाजूची गोष्ट मोटारींच्या कारखान्यांतून सुरू होते. १९५० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याचं वळण ठरायचं हातानं. चित्रकार रेखाटन करायचा, त्यावरून मोठी प्रतिकृती, तिच्यावरून साचे, साच्यांवरून पुन्हा आराखडे. दर टप्प्याला वळण थोडं थोडं सरकायचं, आणि मूळ वळण नेमकं कोणतं, यावर दोन विभागांत वाद व्हायचा. त्याच सुमारास आकड्यांवर चालणारी कापयंत्रं येत होती. यंत्राला हातवारे करून वळण सांगता येत नाही. त्याला संख्या हवी. फ्रान्समध्ये सिट्रोएनमधले पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमधले पिएर बेझिए या दोघांनी स्वतंत्रपणे त्याचं उत्तर शोधलं. द कास्तेल्जो यांचं काम १९५९ चं, म्हणजे आधीचं, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं. बेझिए यांनी आपलं काम १९६० च्या दशकात प्रसिद्ध केलं, त्यामुळे वक्राला नाव त्यांचं मिळालं.

द कास्तेल्जो यांची रीत कागद-पेन्सिलीनं करता येते, आणि प्रत्येकानं एकदा तरी करावी असं मला मनापासून वाटतं. चार बिंदू घ्या: अ, ब, क, ड. अ-ब, ब-क, क-ड अशा तीन रेघा जोडा. प्रत्येक रेघेचा मध्य काढा, तीन बिंदू मिळतील. ते तीन जोडून येणाऱ्या दोन रेघांचे मध्य काढा, दोन बिंदू मिळतील. त्या दोघांना जोडणाऱ्या रेघेचा मध्य, हा एक बिंदू वक्रावरचा. आता मध्याऐवजी सगळीकडे एक-तृतीयांशावर खूण करा, वक्रावरचा दुसरा बिंदू मिळेल. एक-चतुर्थांशावर करा, तिसरा. असं करत गेलं की अ पासून निघून ड ला पोचणारं एक नितळ वळण कागदावर उमटतं. ब आणि क वर ते सहसा टेकत नाही, पण ते दोघं त्याला दोरा बांधून ओढत असावेत तसं ते त्यांच्याकडे झुकतं. पेन टूल वापरताना नोडमधून, म्हणजे वळणाच्या टोकाच्या बिंदूतून, जे दोन हात बाहेर येतात, ज्यांना आपण हँडल म्हणतो, ते म्हणजे हेच ब आणि क.

चार बिंदू म्हणजे आठ आकडे. एवढ्यात एक पूर्ण वळण मावतं, आणि ते कितीही मोठं केलं तरी वळणच राहतं, कारण मोठं करताना ठिपके ताणले जात नाहीत. आकडे गुणले जातात आणि वळण नव्यानं काढलं जातं. १९८२ मध्ये जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी ॲडोबी काढली ती पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेसाठी, आणि त्या भाषेचा कणा हाच वक्र होता. त्याच्यावर हातानं काम करायचं साधन म्हणून १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आला, १९८९ मध्ये कोरलड्रॉ. इंकस्केप २००३ पासूनचा, मुक्त आणि विनामूल्य. तुम्ही आत्ता हा मजकूर ज्या अक्षरांत वाचताय त्यांच्या कडाही याच जातीच्या वक्रांनी बांधलेल्या आहेत. पडद्यावर दिसायच्या क्षणी त्यांचे ठिपके होतात, त्याआधी नाही. म्हणून पान दोन बोटांनी मोठं केलं तरी अक्षर फाटत नाही.

रेघ लक्षात ठेवणं ही पहिली पायरी. रेघांचे आपसातले संबंध लक्षात ठेवणं ही त्यापुढची, आणि आश्चर्य म्हणजे ती कितीतरी आधी चढून झाली होती. इव्हान सदरलँड यांनी जानेवारी १९६३ मध्ये एमआयटीला सादर केलेल्या पीएचडी प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम लिहिला. यंत्र होतं लिंकन लॅबोरेटरीतलं टीएक्स-२, आणि हातात लाइट पेन, म्हणजे थेट पडद्यावर टेकवून रेखाटायचं पेन. प्रबंधाचे मार्गदर्शक होते माहिती-सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन.

स्केचपॅडचं पहिलंच उदाहरण वाचताना मी थक्क झाले होते. सुसम षट्कोन काढायचा आहे. आधी लाइट पेननं कसाही वेडावाकडा सहा बाजूंचा आकार काढायचा. मग एक वर्तुळ काढून सांगायचं की आकाराचे सगळे कोपरे या वर्तुळावर असू देत. मग सांगायचं की सगळ्या बाजू सारख्या असू देत. यंत्र स्वतः आकार ओढूनताणून सुसम षट्कोन करून देतं. काम झालं की वर्तुळ पुसून टाकायचं. पुढे त्या षट्कोनाच्या प्रती जोडून जाळी करायची, आणि नंतर मूळ षट्कोनाच्या जागी अर्धवर्तुळ ठेवलं तर सगळी जाळी एका झटक्यात माशाच्या खवल्यांसारखी होते. कारण प्रती या प्रती नव्हत्याच, मूळ आकाराकडे दाखवलेलं बोट होत्या. आज डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉम्पोनंट’, ‘सिम्बॉल’, ‘क्लोन’ अशा नावांनी जे मिळतं ते हेच. सदरलँड यांना १९८८ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाला.

इमारती आणि यंत्रांचे आराखडे काढणारी कॅड सॉफ्टवेअर याच वाटेची. ऑटोकॅड १९८२ मध्ये साध्या संगणकांवर आलं आणि मोठमोठ्या ड्रॉइंग बोर्डांची सद्दी संपवली. तरी सुरुवातीच्या कॅडमध्ये रेघ फक्त रेघ होती, अचूक असली तरी. दशकाच्या अखेरीस प्रो/इंजिनिअरसारखी सॉफ्टवेअर आली आणि पुन्हा संबंध साठवायला लागली. हे भोक या कडेपासून एवढ्या अंतरावर, त्याचा व्यास त्या दांड्याच्या व्यासापेक्षा एवढा जास्त. तिसऱ्या पायरीवर दांडा जाड केला की चौथ्यापासून पुढच्या सगळ्या पायऱ्या सॉफ्टवेअर पुन्हा हिशोबून काढतं. अभियंत्यांना याची इतकी सवय झालीय की त्यांना त्यात विशेष वाटत नाही. ग्राफिक डिझाइनच्या बाजूच्या माणसानं मात्र हे एकदा बघावं. आपण हातानं किती कामं पुन्हा पुन्हा करतो ते लगेच लक्षात येतं. फ्रीकॅडमध्ये हे विनामूल्य करून बघता येतं.

ठिपक्यांच्या जगालाही हे शहाणपण हळूहळू आलं, त्यांच्या त्यांच्या रीतीनं. तिथला मोठा टप्पा म्हणजे लेअर, चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर. त्यामागची कल्पना १९७७ ची. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एड कॅटमुल आणि आल्वी रे स्मिथ यांनी ठिपक्याच्या तीन आकड्यांना चौथा जोडला, तो ठिपका किती अपारदर्शक आहे ते सांगणारा. त्याला अल्फा म्हणतात. १९८४ मध्ये टॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी दोन चित्रं एकमेकांवर ठेवण्याचं गणित नीट मांडलं. वरचा ठिपका ३० टक्के अपारदर्शक असेल तर खालचा ७० टक्के दिसणार, मूळ विचार एवढा साधा आहे. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले. त्याआधी एखादा आकार चित्रावर आणून सोडला की तो खालच्या ठिपक्यांत मिसळून जायचा, कायमचा. १९९६ मध्ये ॲडजस्टमेंट लेअर आले, म्हणजे ‘उजळ कर’ ही सूचनाच एक वेगळा थर होऊन वर बसली. खालचे ठिपके जसेच्या तसे. सूचना बंद केली की मूळ चित्र परत. गिंपमध्ये फिल्टर असे सुटे ठेवण्याची सोय मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली. फार उशिरा, पण विनामूल्य सॉफ्टवेअरवर पोट असलेल्या कितीतरी जणांसाठी ती मोठी गोष्ट आहे.

मास्क हाही त्याच घराण्यातला, आणि शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ त्यावर जातो. फोटोतली मागची बाजू काढून टाकायची असली की नवशिका खोडरबर घेतो. खोडलेले केस परत येत नाहीत. मास्कमध्ये काही खोडलं जात नाही. चित्राला एक काळं-पांढरं चित्र जोडलं जातं. पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे लपतं, राखाडी तिथे अर्धवट दिसतं. चुकून कान लपला तर त्या जागी पांढरा ब्रश फिरवायचा. हे एकदा हातात बसलं की माणूस धीटपणे काम करू लागतो, कारण काहीच वाया जाणार नसतं. मी हा धीटपणा येताना बघितलाय आणि त्याच्याइतकं समाधान मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

त्रिमितीची गोष्ट मी एका किटलीवरून सांगते. युटा विद्यापीठात १९७० च्या दशकात संगणक-चित्रकलेचा पाया घातला जात होता. आन्री गुरो यांनी १९७१ मध्ये सपाट तुकड्यांनी बनलेला पृष्ठभाग नितळ भासवायची रीत दिली. बुई तुओंग फाँग यांनी चकाकी दाखवायची रीत दिली, तो निबंध १९७५ चा. फाँग त्याच वर्षी वारले, जेमतेम तिशी ओलांडलेले. आज कुठल्याही त्रिमितीच्या प्रोग्राममध्ये गोळ्यावर दिसणारा पांढरा ठिपका बघताना मला त्यांची आठवण येते. या सगळ्या रीती तपासून बघायला एक चांगला आकार हवा होता. १९७५ मध्ये मार्टिन न्यूएल यांनी चहाची एक किटली समोर ठेवून रेखाटली आणि तिचं रूप बेझिए वक्रांच्या बिंदूंत उतरवलं. किटली फुगीर आहे, तिच्या मुठीत पोकळी आहे, चोचीजवळ पृष्ठभाग उलटा वळतो, तिची सावली तिच्याच अंगावर पडते. परीक्षेला याहून चांगला आकार मिळणं कठीण. न्यूएल यांनी चित्र जपलं नाही, बिंदू जपले आणि सगळ्यांना दिले. त्यामुळे पुढच्या पिढ्यांतल्या लोकांनी तीच किटली आपापल्या प्रकाशात, काचेची, सोन्याची, केसाळ करून काढली. खरी किटली आज कॅलिफोर्नियात कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. संगणकातल्या रूपापेक्षा ती जरा उंच आहे.

त्रिमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र असं काही साठवलेलंच नसतं. साठवलेला असतो आकार, त्याचा पोत, दिव्यांची जागा, कॅमेऱ्याची जागा. त्यावरून चित्र काढायच्या क्रियेला रेंडर म्हणतात, आणि ते काम पुन्हा पुन्हा करता येतं. दिवा डावीकडे सरकवा, पुन्हा रेंडर करा. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर ९० मिनिटांच्या ॲनिमेशनपटात १,२९,६०० चौकटी होतात. त्यांतली प्रत्येक अशी हिशोबून काढलेली असते. नेदरलँड्सच्या टॉन रोझेंडाल यांनी सुरू केलेला ब्लेंडर आज या कामासाठी जगभर वापरला जातो. २००२ मध्ये त्यामागची कंपनी बंद पडली. प्रोग्रामचे हक्क सोडवून घ्यायला १ लाख युरो हवे होते, आणि वापरणाऱ्या लोकांनी सात आठवड्यांत ते जमवले. त्या ऑक्टोबरपासून ब्लेंडर सगळ्यांसाठी मुक्त आहे. २०२५ मध्ये ज्या ॲनिमेशनपटाला ऑस्कर मिळालं तो ब्लेंडरमध्येच बनवलेला होता. मोठ्या स्टुडिओतली साधनं नसलेल्या माणसांसाठी याहून चांगली बातमी मला आठवत नाही.

सिनेमा आणि जाहिरातींबद्दल सगळे बोलतात, तेव्हा मी एका वेगळ्या उपयोगाकडे वळते. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. यंत्र गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं, चित्र ८० गुणिले ८० ठिपक्यांचं. स्कॅनमधला प्रत्येक ठिपका म्हणजे शरीराचा तेवढा भाग क्ष-किरणांना किती अडवतो त्याचं माप. पाणी ०, हवा उणे १०००, हाड शेकड्यांत. माप हजारोंच्या टप्प्यात पसरलेलं, आणि साध्या पडद्यावर राखाडी छटा फक्त २५६. सगळं एकदम दाखवायला गेलं तर मेंदूतला बारीक फरक दिसणारच नाही. म्हणून डॉक्टर सॉफ्टवेअरमध्ये ‘विंडो’ निवडतात. हाडासाठी एक, फुप्फुसासाठी दुसरी, मेंदूसाठी तिसरी. त्या त्या टप्प्यातल्या मापांनाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा वाटल्या जातात. एकाच स्कॅनमधून तीन वेगळी चित्रं दिसतात आणि माप एकानंही बदलत नाही. १९८७ मध्ये विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही रीत दिली. तिनं अशा कापांच्या चवडीतून कवटीचा किंवा हृदयाचा त्रिमिती पृष्ठभाग उभा करता येतो. इथे चित्र सुंदर करणं हा हेतूच नाही. मोजलेलं मोजलेल्यासारखं ठेवायचं आणि बघण्याची तऱ्हा बदलायची. ॲडजस्टमेंट लेअर आणि सीटीची विंडो मला एकाच कुळातल्या वाटतात.

आता फाइली सेव्ह करण्याबद्दल थोडं, कारण इतकं सगळं जपून शेवटच्या क्षणी ते घालवणारे खूप भेटतात. सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल आणि बाहेर द्यायची फाइल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फोटोशॉपची पीएसडी, गिंपची एक्ससीएफ, ब्लेंडरची ब्लेंड, यांत लेअर, मास्क, वक्र, दिवे सगळं राहतं. जेपेग आणि पीएनजीमध्ये फक्त ठिपके राहतात. जेपेगमध्ये तर तेही पूर्ण नाहीत. १९९२ च्या या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करतात आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारीक तपशील टाकून देतात. हे ज्या गणितावर चालतं त्याची कल्पना नासिर अहमद यांची, निबंध १९७४ चा. फोटोसाठी ही युक्ती अप्रतिम आहे. पण अक्षरांच्या आणि रेघांच्या कडेला तिनं राखाडी किटाळ जमतं, आणि उघडून, बदलून, पुन्हा जेपेग केलं की ते वाढत जातं. अशा चित्राला पीएनजी द्यावं, आणि वक्रांचं असेल तर एसव्हीजी. एसव्हीजी २००१ पासून वेबचं मान्य प्रमाण आहे आणि ती साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून वर्तुळाच्या त्रिज्येचा आकडा हातानं बदलला तर चित्रातलं वर्तुळ बदलतं. छपाईसाठी देताना रंगही तपासावेत. पडद्याचे रंग प्रकाशाचे, कागदावरचे शाईचे, आणि पडद्यावरचा लखलखीत हिरवा चार शाईंच्या नेहमीच्या छपाईत उतरत नाही.

शब्दांवरून चित्र तयार करणाऱ्या नव्या साधनांबद्दल हल्ली सगळेच विचारतात. त्यांची चित्रं बघून मीही चकित होते. तरी माझं मन तिथे रमत नाही. त्यांतून साधारणपणे जे हाती येतं ते पूर्ण झालेले ठिपके. त्यात कॉलर वेगळी नाही, बाही वेगळी नाही, दिवा कुठे ठेवला होता याची नोंद नाही, कारण दिवा ठेवलाच नव्हता. ‘खिडकी जरा डावीकडे’ असं सांगितलं की तो भाग नव्यानं बनवला जातो आणि खिडकीबरोबर पडदाही निराळाच येतो. कल्पना सुचवायला, पोत करायला, पार्श्वभूमी भरायला ती कामाची आहेत. पण ज्या चित्रावर दहा वेळा दुरुस्त्या होणार आहेत, ज्याचं उद्या पोस्टर, परवा चिन्ह आणि नंतर ॲनिमेशन होणार आहे, त्याला आतून सांधे लागतात. सांधे असलेली चित्रं देणारे प्रयोग सुरू झालेत. ते पुढे गेले तर मला मनापासून आनंद होईल.

कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी इंकस्केप सांगते, फोटोशॉप नाही. फोटोशॉपमध्ये पहिल्याच दिवशी काहीतरी देखणं होऊन जातं आणि आत काय चाललंय ते बघायची गरज वाटत नाही. इंकस्केपमध्ये नोड आणि हँडल समोरच असतात. आपल्या आवडत्या फाँटमधलं एखादं अक्षर मोठं करून पडद्यावर ठेवा, ‘ळ’ घ्या, त्याला दोन गोलाया आहेत. त्याची कडा पेन टूलनं गिरवा. पहिल्या वेळी तुम्ही दर थोड्या अंतरावर नोड टाकाल आणि कडा खडबडीत येईल. मग फाँट बनवणारे करतात तसं करा: वळण जिथे सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे किंवा उजवीकडे पोचतं तिथेच नोड ठेवा, हँडल सरळ उभे किंवा आडवे ओढा, आणि मधले सगळे नोड काढून टाका. प्रत्येक नोड कमी होईल तशी उरलेली हँडल लांबवावी लागतील. गोलाई नितळ होईपर्यंत हे करत राहा, मग मूळ अक्षर आणि तुमचं अक्षर एकावर एक ठेवून वरच्याची अपारदर्शकता निम्मी करा आणि कुठे फरक पडतोय ते बघा.